विजेच्या मोटारीवरील पाटी वाचण्याची जरुरी

वाळूज हे नाव निघाले की परगावच्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे आज कारखान्यांचे पत्रे आणि धुराडी उभी राहतात. गंगापूर तालुक्यातील हे गाव एके काळी पुण्याच्या वाटेवरचे शेतीचे गाव होते. १९८५ साली येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढील चाळीस वर्षांत जोगेश्वरी, रांजणगाव, पंढरपूर या शिवारांच्या सातबाऱ्यांवरील पिकांचे रकाने रिकामे होत गेले. ज्यांच्या जमिनी राहिल्या ते आपण अद्याप कापूस, मका, बाजरी व ऊस करीत आहो. तथापि आपल्यांपैकी बहुतेकांच्या घरातून एखादा मुलगा वा पुतण्या वसाहतीत पाळीवर जातोच. सबब कारखान्यातील यंत्रांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शेतकऱ्यांच्या मासिकात कशाला, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो मला मान्य होण्यासारखा नाही.

दुसरेही एक कारण आहे. शेतकरी आता स्वतःच कारखानदार होऊ लागला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, स्मार्ट प्रकल्पातून साहाय्य मिळू लागले आणि गावोगाव डाळ मिल, धान्य साफ करण्याची यंत्रे, गोदामे, सरकी काढण्याचे जिनिंग यांची उभारणी सुरू झाली. ही गोष्ट खचितच अभिनंदनीय आहे. परंतु या यंत्रांची दरपत्रके मागविताना मोटारीच्या रकान्यात आपण 'अमुक अश्वशक्ती' एवढेच लिहितो आणि जो स्वस्त देईल त्याची घेतो. ती मोटार कोणत्या हवेत फिरणार आहे, हे विचारणारा सभासद मला तरी अद्याप भेटलेला नाही.

३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे करणाऱ्या एका कारखान्यास आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार मृत्यू पावले. त्या आगीचे मूळ मोटारीत होते असे माझे म्हणणे नाही. तिचा उल्लेख इतक्याचसाठी करतो की, सूत, कापड, रुई असा माल ज्या छपराखाली भरलेला असतो तेथे ठिणगी पडल्यावर मनुष्यास उठून दाराशी जाण्याइतकाही अवकाश मिळत नाही, हे आपण आपल्याच वेशीवर पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत जो महाभयंकर स्फोट झाला, त्यात दारूगोळ्याचा दोष सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या जहाजावर प्रथम पेटला तो कापसाच्या गाठींचा साठा होता. कापूस वरून विझलेला दिसतो आणि गाठीच्या पोटात धुमसत राहतो. जिनिंगवाल्या मंडळींस हे सांगावयास नको.

मी सर्व नोकरी महसूल खात्यात कारकुनीवर काढली. आगीनंतर जे पंचनामे दप्तरी येत त्यांत कारणाच्या जागी बहुधा 'विजेचे शॉर्ट सर्किट' एवढाच मजकूर असे आणि तेथेच शोध संपे. मोटार उघडी होती की बंद, तिच्या पाटीवर काय कोरले होते, ती पूर्वी वाईंडिंगच्या दुकानात जाऊन आली होती किंवा कसे, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. कारण तसा रकानाच नसे. रकाना नाही म्हणून प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही म्हणून पुढच्या वर्षी शेजारच्या गावी तशीच मोटार बसते.

आता त्या पाटीविषयी. प्रत्येक चांगल्या मोटारीवर धातूची एक लहान पाटी ठोकलेली असते. तीवर अश्वशक्ती, फेरे, दाब यांखेरीज 'आयपी' अशी दोन इंग्रजी अक्षरे व त्यांपुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ व घन पदार्थांचा, दुसरा पाण्याचा. 'आयपी २३' याचा अर्थ असा की, मोटारीच्या जाळीतून मनुष्याचे बोट आत जाणार नाही व वरून वा तिरपे शिंतोडे उडाले तर इजा होणार नाही. परंतु बोट न शिरले तरी रुईचा तंतू मजेत शिरतो. 'आयपी ५५' म्हणजे धूळ आत गेलीच तर काम बिघडण्याइतकी जाणार नाही आणि नळीने पाणी मारले तरी चालेल. पहिला आकडा ६ असेल तर धूळ मुळीच शिरत नाही. इंग्रजी बेताचे असणाऱ्यासही हे दोन आकडे वाचता येतात, मला आले.

येथेच मोठी गफलत होते. दुकानदार सांगतो, 'साहेब, पंचावन्न आहे, अगदी सेफ आहे.' हे आकडे बाहेरच्या धुळीपाण्यापासून मोटारीचे रक्षण किती ते सांगतात. मोटारीच्या पोटातील ठिणगीपासून बाहेरच्या हवेचे रक्षण होईल की नाही, याविषयी ते अगदी मौन आहेत. जेथे हवेत पेट घेणारी वाफ, वायू किंवा धूळ असते त्या जागेसाठी मोटारीवर वेगळी खूण लागते. ती 'ईएक्स' या अक्षरांनी सुरू होते व तिच्यापुढे संरक्षणाची जात लिहिलेली असते.

या जातींपैकी 'ईएक्स डी', म्हणजे ज्यास बाजारात फ्लेमप्रूफ म्हणतात, ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ. लोकांची समजूत अशी की, या मोटारीत वायू शिरतच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. मोटार तापते व निवते, त्यासरशी श्वास घेतल्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. वायू आत जाणारच, हे धरूनच तिची रचना केलेली असते. आत ठिणगी पडून स्फोट झाला तरी कवच फुटू नये इतके ते जाड असते, आणि झाकण व कवच यांच्या सांध्यातील फट इतकी अरुंद व लांब ठेवलेली असते की, ज्वाला तीतून बाहेर पडेपर्यंत निवून जाते. खाणीतील मिथेन वायूची ज्वाला प्रयोगात सुमारे १.१४ मिलिमीटरच्या फटीपर्यंत अडते, एथिलीनची ०.६५ पर्यंत आणि हायड्रोजनची अवघ्या ०.२९ पर्यंत. प्रत्यक्ष मोटारीत फट याहून पुष्कळ कमी ठेवतात. यावरूनच वायूंचे गट पाडले आहेत. खाणीचा पहिला गट, आणि इतर जागांसाठी दुसरा गट, त्याचे ए, बी, सी असे तीन पोटभाग. 'ए' ची मोटार 'सी' च्या जागी चालत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कोळशाच्या खाणींसाठी या सांध्यांवर प्रयोग झाले, त्यांतून हे शास्त्र निघाले. ते किती निकडीचे होते याचा दाखला वेल्समधील सेंगेनिड खाणीचा. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी तेथे ४३९ खाणकामगार दगावले, आणि संशय ज्या कारणांवर गेला त्यांत विजेच्या घंटेच्या तारेवरील एक क्षुद्र ठिणगी होती.

आपल्याकडे खाणी नाहीत, हे खरे. पण धूळ आहे. पिठाची, डाळीच्या चुरीची, साखरेची व गंधकाची धूळ हवेत उधळली असता वायूसारखीच स्फोट करते, ही गोष्ट पुष्कळांस अजून खरी वाटत नाही. इटलीतील ट्यूरिन शहरी १४ डिसेंबर १७८५ रोजी एका भटारखान्यात वरच्या खोलीतून खाली पीठ ओढताना दिव्याच्या ज्योतीने हवाच पेटली; अशा अपघाताची ती पहिली नीट टिपून ठेवलेली हकीकत समजतात. अमेरिकेत मिनियापोलिस येथे २ मे १८७८ रोजी पिठाची प्रचंड गिरणी उडून १८ माणसे गेली. हे जुने झाले म्हणावे, तर ७ फेब्रुवारी २००८ रोजी त्याच देशातील जॉर्जिया प्रांतात साखरेच्या कारखान्यात साखरेच्या धुळीने १४ जणांचा बळी घेतला. हिशेब पाहा: जमिनीवर व तुळयांवर अवघा एक मिलिमीटर जाडीचा पिठाचा थर साचला आहे आणि खोली पाच मीटर उंच आहे. तो थर एका धक्क्याने उधळला, तर दर घनमीटर हवेत सुमारे १०० ग्रॅम पीठ होते. स्फोटास याच्या निम्म्यानेही काम भागते. झाडूचे महत्त्व यावरून कळावे. उत्तम मोटार घेऊन खोली न झाडणाऱ्यापेक्षा साधी मोटार घेऊन रोज झाडणारा मला अधिक शहाणा वाटतो.

रुईचे तंतू पिठासारखे स्फोट करीत नाहीत बहुधा, पण ते पेटतात फार लवकर आणि आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तारायंत्रासारखी धावते. जिनिंगमध्ये मोटारीचा धोका ठिणगीपेक्षाही उष्णतेचा अधिक, असे माझे मत झाले आहे. पूर्ण बंद मोटारीच्या पाठीशी एक लहान पंखा असतो. तो कवचावरून वारा घालून तिला थंड ठेवतो. त्या पंख्याच्या जाळीवर रुईची गादी बसली की वारा बंद होतो. मग मोटार घोंगडी पांघरून उन्हात बसलेल्या माणसासारखी तापत जाते आणि तिच्या अंगावरची रुई करपू लागते. पाटीवर 'इन्सुलेशन क्लास एफ' असे लिहिलेले असते. ते आतील तारांच्या आवरणाविषयी आहे. ते १५५ अंशांपर्यंत टिकते एवढाच त्याचा अर्थ. कवच बाहेरून किती तापेल ते सांगणारी खूण 'टी' या अक्षराची आहे. वायूच्या जागी टी १ म्हणजे ४५० अंशांपर्यंत, टी ३ म्हणजे २००, टी ४ म्हणजे १३५, टी ६ म्हणजे ८५. धुळीच्या जागेच्या मोटारीवर अंश सरळ आकड्यांत लिहितात. त्यांत तिसरा गट असतो: ए म्हणजे रुईसारखे उडते तंतू, बी म्हणजे पिठासारखी धूळ, सी म्हणजे धातूची, वीज वाहणारी धूळ. धुळीचा पाच मिलिमीटरचा थर ज्या उष्णतेस पेटतो तीहून मोटारीचे अंग निदान ७५ अंशांनी थंड राहिले पाहिजे, असा नियम आहे. जाळीवरची रुई दर पाळीस न काढली तर हा नियम पाटीवरच राहतो.

आता पंखे. कापूस नळीतून ओढून नेणारे मोठे पंखे व गोदामाचे एक्झॉस्ट पंखे यांच्या बाबतीत लोक मोटार पाहतात आणि पाते विसरतात. फ्लेमप्रूफ मोटारीच्या टोकास लोखंडी पाते व लोखंडी घर असेल, बेअरिंग झिजून पाते घरास घासू लागले असेल, तर मोटारीचे प्रमाणपत्र काय कामाचे? कपाशीबरोबर खडा किंवा खिळा आला आणि पात्यावर आपटला की तीच गत. याकरिता ठिणगी न पडणाऱ्या जातीचे पंखे निराळे मिळतात. त्यांत पाते किंवा घराचा घासणारा भाग लोखंडाखेरीज दुसऱ्या धातूचा करतात. त्यातही एक मेख आहे: गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम घासले तर उलट अधिक तापट ठिणगी उठते. तेव्हा हलके पाते हवे म्हणून गावच्या लोहाराकडून ॲल्युमिनियमचे करून घेणे धोक्याचे होय. शक्य तेथे मोटार वाऱ्याच्या वाटेबाहेर ठेवून पट्ट्याने पंखा फिरवावा, आणि पट्टा व नळी दोहोंसही अर्थिंग असावे. घासल्याने साठणारी वीज वाट शोधीतच असते.

गोदामातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ती कोणत्याच पाटीवर लिहिलेली नसते. धान्यास ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. हे काम अधिकृत माणसांच्याच हातून व्हावयाचे असते. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू मनुष्यास मारक आहे हे सर्वांस ठाऊक. पण तो हवेत शेकडा १.८ च्या वर साठला तर पेट घेऊ शकतो, आणि तांब्यास तो खातो. मोटारीचे गुंडाळे, स्टार्टरचे संपर्क, तारांची टोके यांतील तांबे काळे पडते व सांधे सैल होतात. धुरी झाली, गोदाम मोकळे केले, दोन महिन्यांनी पंखा लावला आणि स्टार्टर पेटला, तर त्या दिवशी कोणासही धुरीची आठवण होणार नाही. गोदामातील पंखे व स्टार्टर धुरीपूर्वी काढून ठेवावे, किंवा न निघाल्यास झाकून चांगले बंद करावे.

उसाच्या सभासदांसही एक शब्द. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत इथेनॉल होऊ लागल्यापासून आपण वाफेच्या शेजारी राहावयास गेलो आहो. अल्कोहोल सुमारे १३ अंश उष्णतेसच पेटण्याजोगी वाफ सोडते. आपल्याकडे थंडीच्या पहाटेखेरीज तितका गारवा कोठे असतो? ही वाफ हवेहून जड असल्यामुळे गटारीत व पंपाच्या खड्ड्यात साचते. म्हणजे नेमकी जेथे मोटार असते तेथे. मिथेन त्याच्या उलट, हलका. तो छताशी जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव तालुक्यात एका साखर कारखान्याच्या इथेनॉल विभागास लागलेली आग पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशा जागी कोणती मोटार बसवावी हे ठरविण्याचे काम आपल्या राज्यातच होते. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे, आणि पेट्रोलियमच्या जागी वापरावयाच्या विद्युत्-यंत्रांस तिची मान्यता लागते. मोटार घेताना मान्यतेच्या पत्राची नक्कल मागावी. देणारा प्रामाणिक असेल तर तो लगेच काढून देतो.

या सर्वांत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षिलेला मनुष्य म्हणजे वाईंडिंगवाला. तो आपला मित्र असतो, हंगामात रात्री जागून मोटार भरून देतो, आणि उधारीही ठेवतो. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण फ्लेमप्रूफ मोटार त्याच्या दुकानात गेली की तेथे झाकण हातोडीने काढले जाते, सांध्यावर ओरखडे पडतात, त्यांवर रंग किंवा पुट्टी बसते, आठ बोल्टांपैकी सहा परत लागतात आणि केबल ग्लँडच्या जागी चिंधी गुंडाळली जाते. ज्या अरुंद फटीवर सारी मदार होती ती गेली. मोटार फिरते पूर्वीसारखीच, पाटीही तीच असते. कवच मात्र साधे झाले. अशी मोटार मान्यताप्राप्त दुरुस्तीगृहातच द्यावी आणि ते जमत नसेल तर ती धोक्याच्या जागेतून काढून विहिरीवर लावावी व पाटीवर तशी खूण करावी.

विहिरीवरून आठवले. काही उत्साही मंडळी हे वाचून प्रत्येक पंपास फ्लेमप्रूफ मोटार मागतील, तर तो पैसा पाण्यात जाईल. उघड्या शेतात, मोकळ्या वाऱ्यात, पावसाळी पाण्यापासून जपणारी साधी बंद मोटार पुरे. पैसा जेथे छप्पर, भिंती आणि पेट घेणारा माल आहे तेथे घालावा; आणि तेथेही आधी जागेचे तीन भाग पाडावे. वायूच्या जागेस शास्त्रात शून्य, एक, दोन व धुळीच्या जागेस वीस, एकवीस, बावीस असे अंक दिले आहेत: जेथे धोका नित्य असतो, जेथे काम चालू असता अधूनमधून येतो, आणि जेथे केवळ काही बिघडल्यास व तोही अल्पकाळ येतो. पुष्कळदा मोटार भिंतीपलीकडे नेऊन नुसता दांडा आत सोडला तरी महाग मोटारीची गरज उरत नाही. हा उपाय शेतकऱ्याच्या बुद्धीस साजेसा आहे.

'आमचे जिनिंग तीस वर्षे चालले, काही झाले नाही,' हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यास माझे उत्तर असे की, तीस वर्षांपूर्वी कपाशी डोक्यावर पाटीने वाहत होते, आता ती पंख्याने ओढतात. तेव्हा मोटारी चार होत्या, आता चाळीस आहेत. दुसरा आक्षेप कायद्याचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३७ मध्ये स्फोटक धूळ वा वायू निघणारे यंत्र बंदिस्त करावे, धूळ साचू देऊ नये आणि पेटविणारी प्रत्येक वस्तू दूर किंवा बंदिस्त ठेवावी, अशी आज्ञा घातली होती. हेच तत्त्व आजही कोणी अमान्य करीत नाही. परंतु कारखाना कोणास म्हणावे हे कामगारांच्या संख्येवरून ठरते, आणि गावची डाळ मिल पाच-सहा माणसांवर चालते. तिच्याकडे निरीक्षक येत नाही. ज्वालेस हजेरीपट दाखवून भागत नाही, म्हणून जेथे कायदा पोहोचत नाही तेथे संस्थेने स्वतः पोहोचले पाहिजे.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात आणि कापसाचा हंगाम त्यानंतर लागतो. यंदाच्या सभेपुढे माझी सूचना अशी. यंत्राच्या दरपत्रकात अश्वशक्तीच्या शेजारी आयपीचे आकडे, ईएक्सची जात, गट व टी ची खूण हे रकाने छापावे आणि जागेचा वर्ग प्रथम आपण भरून मगच ते पाठवावे. संस्थेने मोटारींची एक वही ठेवावी; तीत प्रत्येक पाटीची अक्षरशः नक्कल, दुरुस्तीची तारीख व दुकान यांची नोंद असावी. हंगामात दर पाळीस जाळीवरची रुई काढणाऱ्या माणसाची सही त्याच वहीत घ्यावी. आणि दुर्दैवाने आग लागलीच, तर पंच म्हणून बसणाऱ्या सभासदाने ती वही पुढे ठेवून पाटीवरील मजकूर पंचनाम्यात उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. तलाठी किंवा ग्राम महसूल अधिकारी कोणीही असो, पंचाने सांगितलेला मजकूर लिहून घेण्यास त्याची हरकत असत नाही. जागा कमी पडल्यास पुरवणी कागद जोडता येतो.